कविवर पं. बनारसीदास

अध्यात्माची पदे रचावीत, गावीत ही ओढ. पिंड मात्र संसारी व्यापाऱ्याचा. विक्रम संवत 1643 मध्ये जौनपूरच्या श्रीमाळ जवाहिऱ्याच्या घरी कविवरांचा जन्म झाला. तारुण्यात त्यांनी हजारभर छंदांचा शृंगारिक ग्रंथ रचला आणि पुढे स्वहस्ते गोमतीत सोडला. व्यापारात वारंवार खोट आली. आग्ऱ्यास भांडवल संपले, तेव्हा रात्री ‘मधुमालती’, ‘मृगावती’ गाऊन ते दहा-वीस श्रोते जमवीत. एका उदार कचोरीवाल्याने कित्येक महिने उधारीवर जेवू घातले.

पुढे ‘समयसार’ हाती आले. पण मार्गदर्शनाविना वाचल्याने क्रियाकांडावरील श्रद्धाच उडाली. मित्रांसह बंद खोलीत नग्न होऊन मुनिपणाचे सोंग करण्यापर्यंत मजल गेली. (हे त्यांनी स्वतःच नोंदविले, हे विशेष.) संवत 1692 मध्ये पंडित रूपचंदांनी आग्ऱ्यात गोम्मटसाराचे वाचन करून गुणस्थानांचा क्रम उलगडला, तेव्हा चित्त स्थिरावले. पुढच्याच वर्षी ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले. त्यांची अध्यात्मपदे भैरव, बिलावल अशा रागांत आहेत.

नऊही अपत्ये त्यांच्यादेखत गेली. संवत 1698 मधील ‘अर्धकथानका’त आपले गुणदोष सांगताना जप-तप आपल्याकडून होत नाही, हे त्यांनी लिहिले, आणि एकांत मिळताच आपण नाचू लागतो, हेही.