दोनच आकड्यांत हिशेब मांडणारे लायबनित्स



गेल्या वर्षी सातवीच्या संगणकाच्या तासाला एका मुलीने मला प्रश्न विचारला. चित्रातल्या लाल रंगाचा क्रमांक पडद्यावर एफएफ०००० असा आला होता. आकड्यांत ही एबीसीडी कुठून शिरली, असं तिचं विचारणं. ते संगणकाचं असतं, तू चित्र पुरं कर, असं सांगून मी पुढच्या बाकाकडे वळलो. खरं म्हणजे मलाच ते येत नव्हतं. संगणकाच्या कोर्सला मी तो तक्ता नुसता पाठ केला होता, परीक्षेत उतरवला होता आणि विसरून गेलो होतो. पोरगी हिरमुसली. घरी गेल्यावरही ती गोष्ट माझ्या मनातून जाईना. मग पुस्तकं काढून बसलो, आणि त्यांत मला हे गृहस्थ भेटले. त्यांचं चरित्र सांगतो. त्यातच तिचं उत्तर आहे.

गॉटफ्रीड विल्हेल्म लायबनित्स यांचा जन्म १ जुलै १६४६ रोजी जर्मनीतील लाइपझिग शहरी झाला. आपल्याकडे त्या वेळी शिवाजी महाराज सोळा वर्षांचे होते. गॉटफ्रीडचे वडील विद्यापीठात प्राध्यापक होते. तो सहा वर्षांचा असताना ते वारले. मागे राहिली ती त्यांची पुस्तकं. पुढे त्या पुस्तकांना हात लावायची मोकळीक मिळाली आणि पोरगं तिथंच रमलं. लॅटिन भाषा तर तो बहुतेक आपली आपणच शिकला. चौदाव्या वर्षी विद्यापीठात गेला. विसाव्या वर्षी कायद्यातली डॉक्टरची पदवी मागितली, ती लाइपझिगने दिली नाही. तेव्हा गडी गाव सोडून आल्टडॉर्फला गेला आणि १६६७ साली तिथून पदवी घेतली. तिथंच प्राध्यापकी मिळत होती, पण ती त्याने घेतली नाही.

१६७२ साली ते राजकारणाच्या कामासाठी पॅरिसला गेले. तिथं मोठमोठ्या विद्वानांची गाठ पडली आणि आपलं गणित फार कच्चं आहे हे त्यांना कळून आलं. मग ते हट्टाने शिकले. पास्कल यांचं बेरीज-वजाबाकीचं यंत्र आधी झालेलं होतं. लायबनित्स यांनी गुणाकार-भागाकारही करणारं यंत्र योजलं. १६७३ साली त्याचा नमुना लंडनला रॉयल सोसायटीत नेऊन दाखवला. पण यंत्र कुठं अडायचं माहीत आहे का? हातच्याला! आपण बेरीज करताना हातचा एक विसरतो ना, तसंच. हातचा घराघरांतून पुढे सरकवताना दात्यांची चाकं नीट चालेनात. त्या यंत्रापायी त्यांनी आयुष्यभर पैसा आणि वेळ घातला.

१६७६ पासून ते हॅनोव्हरच्या राजदरबारी ग्रंथपाल आणि सल्लागार होते. तिथं असताना १५ मार्च १६७९ रोजी त्यांनी काही पानं लिहिली. त्यांत सगळ्या संख्या फक्त ० आणि १ या दोन आकड्यांनी मांडल्या होत्या. असा विचार करणारे ते पहिलेच नव्हेत. इंग्लंडात हॅरियट यांनी तो आधी केला होता, आणि आपल्याकडे पिंगलांनी छंदातल्या लघु-गुरूंची गणती याच वाटेने केली होती. पण नीट बेरीज-वजाबाकी-गुणाकारासह ही रीत जगापुढे ठेवली ती लायबनित्स यांनी.

आता ती रीत समजून घेऊ. माझ्या आजोबांचं किराणा मालाचं दुकान होतं. किलो-ग्रॅम येण्याआधीची त्यांची वजनं अजून आमच्या घरी पेटीत आहेत. सोळा छटाकांचा एक शेर. त्याचा निम्मा अच्छेर म्हणजे ८ छटाक, मग पावशेर ४, अदपाव २ आणि छटाक १. दरेक वजन एकच. गिऱ्हाइकाने तेरा छटाक गूळ मागितला तर आजोबा काय करीत? अच्छेर ठेवला, पावशेर ठेवला, अदपाव नाही, छटाक ठेवला. ठेवलं तिथं १ लिहा, नाही ठेवलं तिथं ०. झालं ११०१. हेच तेराचं दोन आकड्यांतलं रूप. मला मौज याची वाटली की लायबनित्स यांनी आपल्या लेखात हेच ११०१ म्हणजे तेरा हे उदाहरण दिलं आहे, आणि थोड्या वजनांत पुष्कळ तोलता येतं हेही सांगितलं आहे. आमच्या आजोबांना लायबनित्स ठाऊक नव्हते, पण तागडी दोघांची एकच.

त्या १६७९ च्या पानांत एका यंत्राचीही कल्पना आहे. पेटीला भोकं ठेवायची. जिथं १ असेल तिथलं भोक उघडं, जिथं ० असेल तिथलं बंद. उघड्या भोकातून गोटी खाली पडेल. चाकांना जो हातचा जड जात होता, तो इथं गोट्यांनी सोपा होणार होता. हे यंत्र मात्र त्यांनी बांधलं नाही. पुढची काही वर्षं हार्झ डोंगरातल्या खाणींचं पाणी पवनचक्क्यांनी उपसायच्या खटपटीत गेली. तेही साधलं नाही.

लेख छापायला पुष्कळ वर्षं लागली. १७०१ साली पॅरिसच्या अकादमीकडे त्यांनी हा विषय पाठवला, पण त्याचा उपयोग काय हे तिथं कुणाच्या ध्यानात येईना. मग १७०३ साली चीनमधल्या बुव्हे नावाच्या फ्रेंच पाद्र्याचं पत्र हाती आलं. त्यात जुन्या चिनी ग्रंथातल्या चौसष्ट आकृत्या होत्या, अखंड आणि तुटक अशा सहा-सहा रेघांच्या. लायबनित्स हरखून गेले. आपलेच ० आणि १ तिथं मांडलेत असं त्यांना वाटलं. चिनी लोक त्या आकृत्यांनी हिशेब करीत नसत, ते शकुनाचं शास्त्र होतं. पण त्या आनंदात लेख तडीला गेला आणि अकादमीच्या १७०३ च्या ग्रंथात आला.

आता हीच १७०३ संख्या पाटीवर घ्या. दोनाने भागत जा आणि बाकी लिहीत जा. ८५१ बाकी १, ४२५ बाकी १, २१२ बाकी १, १०६ बाकी ०, ५३ बाकी ०, २६ बाकी १, १३ बाकी ०, ६ बाकी १, ३ बाकी ०, १ बाकी १, आणि शेवटी ० बाकी १. या बाक्या खालून वर वाचा: ११०१०१००१११. परत ताडून पाहायचं तर १ असलेल्या घरांच्या किमती मिळवा: १०२४, ५१२, १२८, ३२, ४, २, १. बेरीज १७०३ येते.

पण केवढी ही आगगाडी! लिहिताना एखादं शून्य निसटलंच म्हणून समजा. यावर तोड म्हणजे चार-चार घरांचा एक डबा करायचा. चार घरांत शून्यापासून पंधरापर्यंत संख्या बसतात, जशा आजोबांच्या लहान चार वजनांत पंधरा छटाकांपर्यंत. म्हणून ही सोळाची रीत. लायबनित्स यांच्या कागदांत सोळाच्या पायावरची मांडणीही सापडते. आपले आकडे मात्र नऊवर संपतात. दहा ते पंधरा यांना एकेकच चिन्ह हवं, म्हणून विसाव्या शतकात संगणकवाल्यांनी अक्षरं घेतली: ए दहा, बी अकरा, सी बारा, डी तेरा, ई चौदा, एफ पंधरा. रंगाच्या क्रमांकातलं एफएफ म्हणजे पंधरा सोळे आणि वर पंधरा, एकूण २५५. लाल पुरा, हिरवा शून्य, निळा शून्य.

लायबनित्स यांचा शेवट चांगला झाला नाही. कलन नावाचं गणित त्यांनी आणि न्यूटन यांनी आपापल्या वाटेने शोधलं, असं आज सगळे मानतात. पण तेव्हा मोठं भांडण पेटलं. १७१२ साली रॉयल सोसायटीच्या समितीने न्यूटन यांच्या बाजूने निकाल दिला. सोसायटीचे अध्यक्ष कोण? तर स्वतः न्यूटनच! १७१४ साली हॅनोव्हरचे राजे जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर बसले. दरबार लंडनला गेला. लायबनित्स यांना मात्र राजघराण्याचा इतिहास पुरा करा म्हणून मागेच ठेवलं. तो पुरा झालाच नाही. १४ नोव्हेंबर १७१६ रोजी ते वारले. प्रेतयात्रेला त्यांचे कारकून होते, दरबारातलं कुणी आलं नाही. पन्नास वर्षं थडग्यावर नावसुद्धा नव्हतं.

ती मुलगी आता आठवीला दुसऱ्या गावी जाते. दिवाळीच्या सुटीत तिला बोलावून मी वजनं दाखवली, चूक कबूल केली आणि फळ्यावर १७०३ करून दाखवलं. घाईघाईत मी डबे डावीकडून पाडले: ११०१, ०१००, १११. उत्तर आलं डी४७. ती काही बोलली नाही. खडू घेतला, तेराला २५६ ने गुणलं, चार सोळे चौसष्ट मिळवले, वर सात. आले ३३९९. मग तिने माझे डबे पुसले आणि उजवीकडून पाडले: ०१११, १०१०, ११०. उलट क्रमाने वाचून खाली लिहिलं, ६ए७.

वजनांची पेटी सातवीच्या वर्गात खिडकीशी ठेवली आहे. आपापलं जन्मसाल घेऊन या. छटाकाचं वजन बारीक आहे, हरवू नका.