बुरशीचा लिनियस

मशीन लर्निंगच्या सबमिशनला आमच्या ग्रुपने मशरूमचा डेटासेट घेतला, कारण तो सोपा आहे असं सीनियर्सनी सांगितलं होतं. अमेरिकेतल्या एका गाइडमधल्या २३ जातींवरून बनवलेले ८,१२४ काल्पनिक नमुने, प्रत्येकाची २२ लक्षणं आणि उत्तरं दोनच : खाण्याजोगं की विषारी. ॲक्युरसी आली १०० टक्के! आम्ही हवेत. तेवढ्यात रूममेट होस्टेलमागून एक पांढरी कुत्र्याची छत्री उपटून घेऊन आला आणि विचारू लागला, की ही मॅगीत टाकू का?

माझी बोलती बंद. प्रोग्रामला २३ जातींपलीकडे काही ठाऊक नव्हतं, आणि मला तर तेवढंही नाही. छत्री कचऱ्यात गेली. पण डेटासेटमधला एक कॉलम डोक्यात राहिला : बीजाणूंचा रंग. एवढं बारीक लक्षण कुणी महत्त्वाचं ठरवलं असेल? शोधता शोधता मी पोचलो एलियास मॅग्नस फ्रीस यांच्यापाशी.

फ्रीस यांचा जन्म १५ ऑगस्ट १७९४ चा, स्वीडनमधल्या फेमशो गावचा. वडील पाद्री आणि वनस्पतींचे हौशी अभ्यासक. १८०६ साली आईबरोबर रानात स्ट्रॉबेरी वेचायला गेलेल्या या पोराला पोवळ्यासारखी फांद्या फुटलेली एक मोठी बुरशी दिसली, आणि तो जन्मभरासाठी त्या नादाला लागला. शाळा संपेपर्यंत तीन-चारशे जाती त्याच्या ओळखीच्या झाल्या होत्या. पुस्तकं हाताशी नव्हती, म्हणून पठ्ठ्याने नावंही स्वतःच ठेवली!

सगळ्या सजीवांना दोन शब्दी नावं देणारे लिनियस त्याच प्रांतातले, त्याच व्हेक्शो गावच्या शाळेत शिकलेले. पण बुरशीच्या प्रांतात त्यांनी फारसं काही लावून ठेवलं नव्हतं. हॉलंडशी नातं असलेल्या पर्सून यांनी १८०१ मध्ये चांगली सुरुवात केली होती. फ्रीस यांनी १८२१ ते १८३२ या काळात 'सिस्टेमा मायकोलॉजिकम' हा तीन खंडांचा ग्रंथ काढून सगळा पसारा एका व्यवस्थेत बसवला.

पद्धत साधी. छत्रीखाली पडदे आहेत, छिद्रं आहेत की काटे, ते बघा. मग पडदेवाल्या छत्र्या बीजाणूंच्या रंगावरून वेगळ्या करा : पांढरा, गुलाबी, तपकिरी, जांभळट. एक बीजाणू डोळ्यांना दिसत नाही, पण छत्रीची टोपी कागदावर पालथी घालून रात्रभर झाकून ठेवली, की सकाळी त्यांची रंगीत रांगोळी उमटलेली असते. मी करून पाहिलंय. खर्च शून्य!

आता दुसरी बाजू. फ्रीस यांचा भर डोळ्यांवर आणि भिंगावर. पुढे मायक्रोस्कोप घेऊन काम करणारे आले आणि त्यांनी बरेच गट मोडले. डीएनएने तर आणखी उलथापालथ केली. गोल चेंडूसारखे पफबॉल फ्रीस यांनी वेगळ्या वर्गात टाकले होते, ते आज बाजारातल्या बटण मशरूमच्या कुळात आहेत. म्हणजे वरून सारखं दिसणं आणि खरं नातं असणं, या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या.

मग फ्रीस संपले का? मुळीच नाही! बहुतेक बुरशींच्या नावांची मोजणी कित्येक वर्षं १ जानेवारी १८२१ पासूनच होत असे. १९८१ च्या सिडनी परिषदेत ती लिनियसच्या १७५३ पर्यंत मागे नेली, पण फ्रीस यांनी त्या ग्रंथात स्वीकारलेल्या नावांना खास संरक्षण देऊन. नाहीतर कुठलं तरी विसरलेलं जुनं नाव उकरून कुणीही रूढ नाव पाडलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर आतला कोड बदलला, पण इंटरफेस तोच ठेवला.

फ्रीस पुढे उप्सालाला प्राध्यापक झाले. युरोपातल्या छत्र्यांवरचा मोठा ग्रंथ त्यांनी १८७४ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात पूर्ण केला. ८ फेब्रुवारी १८७८ ला ते गेले.

परवा वर्कशॉपमागच्या वाळक्या ओंडक्यावर करड्या, केसाळ, पंख्यासारख्या छोट्या छत्र्या दिसल्या. खालचे पडदे मधोमध चिरलेले. शायझोफायलम कॉम्यून! हे नाव फ्रीस यांनी १८१५ मध्ये दिलं, ते आजही तसंच आहे. या वेळी प्रोग्राम उघडला नाही. ओंडक्यापाशी उकिडवा बसून नीट बघितलं. आणि हो, मॅगीत काही टाकलं नाही.