किल्ली कोणाकडे?
(एडगर कॉड यांच्याविषयी थोडंसं)

‘डीबीएमएस’ म्हटलं की काय आठवतं? सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवून काढलेलं जर्नल, व्हायवात हमखास विचारला जाणारा थर्ड नॉर्मल फॉर्म आणि ‘बीसीएनएफ’मधला तो ‘सी’! हा ‘सी’ म्हणजे कॉड. एवढं सांगितलं की मार्क मिळतात आणि माणूस विसरला जातो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी लिहिताना हात जरा अडखळतो. तरी कॉडसाहेबांची गोष्ट मराठीतच लिहायची ठरवली, कारण ती आपल्या ऑफिसमधल्या काका-मावशींनीही वाचावी असं मला वाटतं.

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावरचा. सात भावंडांत हे शेंडेफळ. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शिक्षिका. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकत असतानाच दुसरं महायुद्ध आलं आणि कॉडसाहेब रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक झाले. युद्ध संपल्यावर परत येऊन डिग्री पूर्ण केली, अमेरिका गाठली आणि १९४९ मध्ये आयबीएममध्ये लागले.

१९५३ मध्ये मात्र त्यांनी अमेरिका सोडली. त्या काळी सिनेटर मॅकार्थी नुसत्या संशयावरून लोकांना कम्युनिस्ट ठरवत होते, चौकश्या लावत होते. कॉडसाहेबांना ते सहन झालं नाही. ते सरळ कॅनडात, ओटावाला निघून गेले. काही वर्षांनी परतले, पुन्हा आयबीएममध्ये रुजू झाले आणि चाळिशी उलटल्यावर १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. (चौथ्या सेमिस्टरलाच ‘आता वय झालं’ म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

मग आला १९७० चा तो प्रसिद्ध पेपर. तेव्हा डेटा झाडाच्या फांद्यांसारखा साठवला जाई. आयबीएमची ‘आयएमएस’ ही सिस्टिम तशीच होती. कुठली माहिती कुठल्या फांदीवर आहे हे प्रोग्रॅमला ठाऊक असावं लागे. रचना बदलली की प्रोग्रॅमही बदला! कॉडसाहेब म्हणाले, माहिती साध्या टेबलांत ठेवा. ती आत कशी साठवली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज नाही. त्या पेपरच्या नावात ‘शेअर्ड’ हा शब्द आहे. आपण तो वाचून पुढे जातो. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कसं ते बघा. समजा एका विद्यार्थ्याचा रूम नंबर हॉस्टेल ऑफिस, मेस आणि अकाउंट्स अशा तीन ठिकाणी लिहिलाय. रूम बदलली की एका जागी बदल होणार, दोन जागी राहून जाणार. नॉर्मलायझेशन आपण याच कारणासाठी शिकतो. पण त्याचा आणखी एक फायदा आहे. माहिती तीन ठिकाणी असेल, तर कुलूप कुठे लावणार? ती एकाच जागी असली, तरच ‘ही कोणी बदलायची’ हे ठरवता येतं. रूम नंबर रेक्टर ऑफिसने बदलावा, मेसने फक्त वाचावा. फीचा कॉलम तर मेसला दिसायचंही कारण नाही.

प्रत्यक्ष कुलूप-किल्ली बनवली ती दुसऱ्यांनी. आयएमएसवर कंपनीला चांगले पैसे मिळत होते, त्यामुळे कॉडसाहेबांची कल्पना आयबीएमने लगेच उचलली नाही. पुढे सॅन होजेच्या लॅबमध्ये ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प उभा राहिला. चेंबरलिन आणि बॉइस यांनी एसक्यूएल आणली आणि १९७६ मध्ये ग्रिफिथ्स आणि वेड यांनी ‘ग्रँट’ आणि ‘रिव्होक’ची पद्धत मांडली. म्हणजे हक्क देणं आणि काढून घेणं. तशी मुभा दिली असेल, तर ज्याला हक्क दिला तो पुढे दुसऱ्याला देऊ शकतो. पण मूळ हक्क काढला की त्या एकट्याच्या जोरावर पुढे वाटलेले हक्कही जातात. किती सुंदर लॉजिक आहे!

आता कोणी म्हणेल, आपल्याच माणसांपासून कसली कुलपं? विश्वास नाही का? मलाही आधी तसंच वाटायचं. पण गेल्या सुट्टीत एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप केली. नाव नको. तिथे ग्राहकांची आणि दरांची एकच फाइल होती आणि ती सगळ्यांना खुली होती. कोणीतरी एकच कॉलम सॉर्ट केला आणि एकाचे दर दुसऱ्याच्या नावापुढे गेले. कोणी केलं याची नोंदच नाही. शेवटी बोलणी कोणी खाल्ली? सगळ्यात नवीन डेटा एंट्री ऑपरेटरने. तो त्या दिवशी रजेवर होता! त्याच्याकडे फक्त वाचायचा हक्क असता, तर त्याच्याकडे कोणी बोटही दाखवलं नसतं. कुलूप डेटाला असतं, पण वाचतो माणूस.

कॉडसाहेबांना १९८१ मध्ये ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. पुढे जो तो आपल्या मालावर ‘रिलेशनल’चं लेबल चिकटवू लागला, तेव्हा १९८५ मध्ये त्यांनी आपले प्रसिद्ध बारा नियम जाहीर केले. (मोजायला शून्यापासून सुरुवात केली, त्यामुळे प्रत्यक्षात तेरा!) शेवटचा नियम मला फार आवडतो. सिस्टिममध्ये खालच्या पातळीची भाषा असली, तरी तिच्या मागच्या दाराने शिरून डेटाचे नियम कोणाला मोडता येता कामा नयेत. ओळखीचा असो की साहेब असो! संशयावरून माणसं चिरडणाऱ्यांना कंटाळून देश सोडणाऱ्या माणसाला असा नियम सुचावा, याचं मला नवल वाटत नाही.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात, वयाच्या ७९ व्या वर्षी ते गेले. आज बँकेपासून रेल्वेच्या रिझर्वेशनपर्यंत त्यांची टेबलं राबताहेत.

तर दोस्तहो, पुढच्या टेकफेस्टला रजिस्ट्रेशनची शीट ‘सगळ्यांना एडिट’ करून ग्रुपवर टाकण्याआधी दोन मिनिटं थांबा. कोण भरणार, कोण बदलणार, कोण फक्त बघणार हे कागदावर लिहा. गडबड झाली तर ज्युनियर पोरांवर खापर फुटणार नाही. आणि व्हायवात ‘सी’ म्हणजे कोण असं विचारलं, तर नुसतं आडनाव सांगून मोकळे होऊ नका!