डॉ. जेम्स नेस्मिथ : एका खेळाच्या जनकाचें चरित्र

प्रतिवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे वसतिगृहाच्या अंगणांत एक देखावा आमच्या दृष्टीस पडतो. निरनिराळ्या गांवांहून आलेलीं मुलें आपापल्या ट्रंकांपाशीं माना खालीं घालून उभीं असतात. कोणी कोणाशीं बोलत नाहीं. लहानांस घरची आठवण येत असते, आणि मोठ्यांस आपण मोठे आहों याचीच अडचण होत असते. आम्हां शिक्षकांचीं स्वागतपर भाषणें अशा वेळीं फारशीं उपयोगी पडत नाहींत, हें कबूल केलें पाहिजे. पण कोणी तरी पटांगणांत एक चेंडू टाकतो, आणि अर्ध्या तासाच्या आंत तींच मुलें एकमेकांस नांवानें हांका मारूं लागतात. हें पाहतांना ज्या एका सद्गृहस्थांची आम्हांस हटकून आठवण होते, त्यांचें चरित्र यंदाच्या अंकांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आपल्या पटांगणांतील दोन खांबांवर ज्या लोखंडी कड्या बसविल्या आहेत, त्यांची मूळ कल्पना कोणाची हें फार थोड्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ता. ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडा देशांत, आजच्या ऑन्टारिओ प्रांतांतील आल्माँट गांवाजवळ झाला. आईबाप मूळचे स्कॉटलंडचे. १८७० सालीं विषमज्वराच्या सांथींत दोघेही थोड्याच दिवसांच्या अंतरानें वारले, आणि नऊ वर्षांचा जेम्स व त्याचीं भावंडें पोरकीं झालीं. पुढें पीटर यंग नांवाच्या अविवाहित मामानें त्यांचा सांभाळ केला. मामा धर्मशील, मेहनती व अतिशय करडा होता. एकदां हिंवाळ्यांत जेम्स घोड्यांची जोडी घेऊन गोठलेल्या नदीवरून जात असतां बर्फ फुटलें व जनावरें पाण्यांत गेलीं. पोरानें आपल्या बळानें त्यांस कसेंबसें बाहेर ओढून काढलें, आणि वर पाहतो तों मामा झाडांआड उभा राहून सर्व कांहीं पाहत होता. तो मदतीस धांवला नव्हता. हें शिक्षण आमच्या मतें अंमळ कठोर खरें. पण पुढें एका बिकट प्रसंगीं तेंच या मुलाच्या उपयोगीं पडलें.

त्या खेड्यांतील मुलांचा एक आवडता खेळ होता. एका मोठ्या खडकावर एक धोंडा ठेवावयाचा, एकानें त्याची राखण करावयाची, व इतरांनीं दुरून दगड मारून तो पाडावयाचा. आपल्या लगोरीची ज्यांस संवय आहे त्यांस हा खेळ समजावयास वेळ लागणार नाहीं. दगड जोरानें सरळ मारला तर तो नेम चुकून फार दूर जाई, आणि परत आणावयास गेलेला मुलगा राखणदाराच्या हातीं सांपडे. म्हणून हुशार मुलें दगड हळूच उंच, कमानीसारखा फेंकीत. ही एवढीशी गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

जेम्सनें मध्येंच शाळा सोडली व कांहीं वर्षें जंगलांत लांकूडतोड्यांबरोबर काम केलें. मग चूक उमजून तो वयानें मोठा असतांही पुन्हां शाळेच्या बांकावर येऊन बसला. १८८३ सालीं तो माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठांत दाखल झाला, १८८७ सालीं पदवीधर झाला, आणि पाळकाचें काम करण्याच्या हेतूनें तेथील प्रेसबिटेरियन कॉलेजांत धर्मशास्त्राचें अध्ययन करूं लागला. हें शिक्षण १८९० सालीं पुरें झालें.

येथवर घरच्या मंडळींस समाधान होतें. परंतु नेस्मिथ यांस व्यायामाचा व फुटबॉलचा विलक्षण नाद होता, आणि त्या काळीं पुष्कळ धार्मिक लोकांस खेळ म्हणजे सैतानाचें जाळें वाटे. एकदां तर खेळांत मार बसून दोन्हीं डोळे काळेनिळे झाले असतां ते तसेच उपदेशपीठावर चढले. मंडळींतील वृद्धांच्या चेहऱ्यांची आम्हांस कल्पना करवते! पण एक दिवस खेळ चालू असतां त्यांच्या एका सोबत्याच्या तोंडून शिवी निघाली, आणि नेस्मिथ जवळ आहेत असें पाहतांच त्यानें शरमून क्षमा मागितली. नेस्मिथ यांनीं त्याला कधींही उपदेश केलेला नव्हता. ते नुसते त्याच्या शेजारीं खेळत होते. उपदेशपीठावरून जें साधत नाहीं तें कदाचित् मैदानावर साधेल, हा विचार तेव्हांपासून त्यांच्या मनांत घर करून बसला. त्यांनीं पाळकाची नोकरी न धरतां अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेची वाट धरली. त्यांची बहीण अॅनी हिला ही गोष्ट मुळींच रुचली नाहीं. देवाच्या कामास हात घालून तो मागें घेतला असें तिला वाटलें, व तिची नाराजी कधींच गेली नाहीं. आईबापांविना एकत्र वाढलेल्या भावंडांत असा दुरावा यावा, हें दुःख लहान नव्हे.

स्प्रिंगफील्ड येथें व्यायामविभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक हे होते. ते मिशनरी घराण्यांतील. शरीर, मन व आत्मा या तिहींची वाढ एकत्र व्हावी असें त्यांचें मत. वाय. एम. सी. ए. चें त्रिकोणी चिन्ह त्यांच्याच कल्पनेंतून निघालें. १८९१ सालच्या हिंवाळ्यांत त्यांच्यापुढें एक अडचण उभी राहिली. बाहेर बर्फ पडल्यामुळें मैदान बंद. संस्थेंत १८ तरुणांचा एक वर्ग होता. हे पुढें निरनिराळ्या शहरीं संघाचे कार्यवाह व्हावयाचे होते. वयानें प्रौढ, फुटबॉलमध्यें मुरलेले, आणि व्यायामशाळेंतील कवायतीस व डंबेल्सला पुरते विटलेले. दोन शिक्षकांनीं त्यांच्यापुढें हात टेकले. तेव्हां गुलिक यांनीं तो वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यांत बांधला, व घरांत, दिव्याच्या उजेडांत खेळतां येईल असा एखादा नवा खेळ काढण्यास १४ दिवसांची मुदत दिली. नवें म्हणून जगांत कांहीं नसतें, जुन्याचीच नवी जुळणी करावयाची असते, असें गुलिक आपल्या व्याख्यानांत सांगत असत. आतां तें करून दाखविण्याची पाळी शिष्यावर आली.

पुष्कळ पुस्तकांत असें लिहिलेलें आढळतें कीं, नेस्मिथ यांस एके रात्रीं ही युक्ति सुचली. खरी हकीकत इतकी सोपी नाहीं. पहिले जवळजवळ दोन आठवडे त्यांच्या पदरीं अपयशावांचून कांहीं पडलें नाहीं. पोरखेळ शिकविले तर हे प्रौढ विद्यार्थी दहा मिनिटांत कंटाळत. फुटबॉल आंत खेळविला तर लांकडी जमिनीवर हाडें मोडण्याची वेळ आली. पायानें चेंडू मारण्याचा खेळ काढला तर खिडक्यांच्या कांचा धोक्यांत आल्या. काठीजाळीचा लाक्रॉस आणला तर हाततोंडें रक्तबंबाळ झालीं. मुदत संपत आली तेव्हां नेस्मिथ वर्गावरून आपल्या खोलीकडे परतत होते ते अगदीं खिन्न मनानें. स्वतः शिक्षक असल्यामुळें त्या जिन्यावरचीं त्यांचीं पावलें किती जड पडलीं असतील हें आम्हांस नीट कळतें.

मग त्यांनीं सर्व खेळ मनांत आणून एकेक दोष शोधला. मारामारी कां होते? चेंडू घेऊन धांवणाऱ्यास अडवावें लागतें म्हणून. तर मग चेंडू घेऊन धांवूंच नये. उभें राहून तो दुसऱ्याकडे फेंकावा. चेंडू मोठा असावा, म्हणजे काठीची गरज नाहीं आणि तो लपवितां येत नाहीं. राहिला प्रश्न गोलाचा. गोल समोर उभा असला कीं मनुष्य सगळा जोर लावून चेंडू मारतो, व जोर आला कीं इजा आली. येथें त्यांस तो लहानपणचा खडक व कमानीसारखा फेंकलेला दगड आठवला. गोल आडवा करून डोक्याच्या वर टांगला, तर जोराचा उपयोगच उरत नाहीं. तेथें चेंडू हळुवार हातानेंच सोडावा लागतो. सारें कोडें या एका गोष्टीनें सुटलें.

दुसरे दिवशीं सकाळीं त्यांनीं इमारतीची देखरेख करणाऱ्या स्टेबिन्स नांवाच्या गृहस्थाकडे दोन खोकीं मागितलीं. खोकीं नव्हतीं, कोठारांत पीच या फळांच्या दोन टोपल्या मात्र पडल्या होत्या. खोकीं सांपडलीं असतीं तर या खेळाचें नांव काय पडलें असतें, असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारला होता, व त्याचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. नेस्मिथ यांनीं त्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास दोन्हीं टोंकांस ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून १० फूट उंच होता, म्हणून आजही जगभर कडी १० फुटांवरच असते. त्यांनीं तासाभरांत १३ नियम लिहिले, कचेरींतील बाईंकडून ते टंकलिखित करून घेतले, व सूचनाफळ्यावर टांचून ठेवले. फ्रँक माहन नांवाचा, वर्गांतील खोडकरांचा म्होरक्या, तो कागद पाहून आणखी एक नवा खेळ आला म्हणून कुरकुरला. मग ता. २१ डिसेंबर १८९१ रोजीं नऊ-नऊ गड्यांचे दोन पक्ष करून खेळ सुरू झाला. त्या दिवशीं सबंध खेळांत एकच गोल झाला, तो विल्यम चेस यानें केला. टोपल्यांस बूड होतें, म्हणून चेंडू काढावयास शिडी लागे. परंतु खेळ थांबवा असें सांगण्याची वेळ आली तेव्हां त्या कंटाळलेल्या वर्गांतील एकालाही बाहेर जाववेना.

खेळास नेस्मिथ यांचेंच नांव द्यावें असें माहननें सुचविलें. ते हंसले, तसें नांव ठेवल्यास खेळ मरेल, असें त्यांचें म्हणणें. तेव्हां टोपली व चेंडू यांवरून बास्केटबॉल हें नांव माहननेंच काढलें. जानेवारी १८९२ मध्यें संस्थेच्या मासिकांत नियम छापून आले. नाताळच्या सुट्टींत गांवीं गेलेल्या विद्यार्थ्यांनीं खेळ आपापल्या संघांत नेला. त्या १८ जणांत इशिकावा नांवाचा एक जपानी विद्यार्थीही होता. जवळच्या शाळेंतील कांहीं शिक्षिका गलबला ऐकून सज्जांत येऊन पाहूं लागल्या, व आम्हांसही शिकवा म्हणाल्या. नेस्मिथ यांनीं आनंदानें होकार दिला. पहिल्या खेळाडू स्त्रियांपैकीं मॉड शर्मन यांच्याशीं १८९४ सालीं त्यांचा विवाह झाला. स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन या बाईंनीं हाच खेळ मुलींसाठीं थोडा बदलून बसविला. उलटपक्षीं, चाळिशी उलटलेल्या व्यापारी सभासदांस ही धांवपळ झेपेना. त्यांच्याकरितां होल्योक गांवच्या वाय. एम. सी. ए. मधील विल्यम मॉर्गन यांनीं १८९५ सालीं मध्यें जाळें बांधून व्हॉलीबॉल काढला. एवंच मुलें, बायका व पोक्त पुरुष या सर्वांची सोय चार वर्षांत झाली. सगळें गोडच झालें असें मात्र नाहीं. खेळांत धसमुसळेपणा शिरून कांहीं ठिकाणीं त्यावर बंदीही घालावी लागली.

पुढील आयुष्य थोडक्यांत सांगतों. नेस्मिथ डेन्व्हर येथें गेले, तेथें काम करीत शिकून १८९८ सालीं डॉक्टर झाले, व त्याच वर्षीं कॅन्सस विद्यापीठांत प्रार्थना व व्यायाम या दोन्हीं कामांवर नेमले गेले. तेथें त्यांच्या संघानें ५५ सामने जिंकले व ६० हरले. त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल शिक्षकांत जिंकण्याहून हरणें अधिक असलेले तेवढे एकच, खुद्द खेळाचे जनक! त्यांस याची फारशी खंतही नव्हती. हा खेळ शिकवावयाचा नसून खेळावयाचा आहे असें ते मानीत. १९१६ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि पहिल्या महायुद्धांत ते फ्रान्समध्यें सैनिकांची सेवा करीत राहिले. खेळाचा हक्क नोंदवून पैसा करावा असें त्यांच्या मनांत कधीं आलें नाहीं, व त्यांचा संसार ओढगस्तीचाच राहिला.

१९३३ सालीं जॉन मॅक्लेन्डन नांवाचा एक कृष्णवर्णी विद्यार्थी त्या विद्यापीठांत आला. वर्णभेदामुळें त्यास विद्यापीठाच्या संघांत खेळण्याची मनाई होती. सत्तरी ओलांडलेल्या नेस्मिथ यांनीं त्याला आपला शिष्य केलें व शिकविण्याची विद्या दिली. पुढें तो अमेरिकेंतील नामांकित बास्केटबॉल शिक्षकांपैकीं एक झाला. ज्या संघाचा पाया नेस्मिथ यांनीं घातला त्याचीं दारें त्यांच्या डोळ्यांदेखत त्यास बंदच राहिलीं, हेंही येथें सांगणें प्राप्त आहे.

१९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉलचा प्रवेश झाला. वृद्ध डॉक्टरांपाशीं प्रवासास पैसे नव्हते. देशांतील शिक्षकांनीं व क्रीडासंघांनीं वर्गणी जमवून त्यांस पाठविलें. अंतिम सामना त्यांची जन्मभूमि कॅनडा व त्यांनीं पत्करलेला देश अमेरिका यांत झाला. उघड्या मातीच्या मैदानावर पाऊस कोसळत होता, चेंडू चिखलांतून उसळेना, आणि अमेरिकेनें १९ विरुद्ध ८ असा विजय मिळविला. पदकें नेस्मिथ यांच्याच हस्तें देण्यांत आलीं. ता. २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं कॅन्ससमधील लॉरेन्स येथें त्यांनीं देह ठेवला.

आपल्या देशांत या खेळाचा प्रसार बहुतांशीं वाय. एम. सी. ए. नें केला. स्प्रिंगफील्ड येथेंच शिकलेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रास येथें व्यायामशिक्षकांची संस्था काढली, आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनीं गांवोगांवच्या शाळांत खांब रोंवले. मुंबईच्या नागपाडा वस्तींतील गल्ल्यांतून भारताच्या संघांत खेळणारे गडी निघाले.

राहिली त्या फळ्यावरच्या कागदाची गोष्ट. खेळ सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तो नाहींसा झाला. सुट्टीनंतर फ्रँक माहन नेस्मिथ यांच्याकडे आला व आपणच तो काढून नेल्याचें त्यानें सांगून टाकलें. हा खेळ मोठा होणार असें वाटल्यावरून आठवण म्हणून त्यानें तो नेला होता. पण कागदावर खरा हक्क गुरूचा, म्हणून परत आणला होता. १९३१ सालीं नेस्मिथ यांनीं त्यावर सही केली. २०१० सालीं न्यूयॉर्क येथें लिलांवांत त्या दोन पानांस ४३ लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली. आतां तीं लॉरेन्स येथें, विद्यापीठाच्या आवारांत कांचेआड ठेविलीं आहेत.