चॅम्पियनला ३० हजार, त्याला फक्त ५ हजार. तरीही तो रिंगमध्ये उतरला आणि पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन बनला

मार्च २०२३. टायसन फ्युरी आणि ओलेक्झांडर उसिक यांच्या फाईटची बोलणी सुरू होती. फ्युरीनं सोशल मीडियावर जाहीर करून टाकलं की पैशाची वाटणी ७०-३० होणार, ७० त्याचे आणि ३० उसिकचे. सगळ्यांना वाटलं, आता फाटणार. पण उसिकनं ३० टक्के मान्य केले. अट एकच घातली, फ्युरीनं युक्रेनच्या मदतीला १० लाख पौंड द्यावेत.

तेव्हा ती फाईट काही झाली नाही. अखेर मे २०२४ मध्ये रियाधला दोघं भिडले आणि उसिक जिंकला. पण तोवर वर्षभर बॉक्सिंगचे चाहते एकाच विषयावर भांडत होते. कोणाला किती टक्के मिळायला पाहिजेत, कोण कोणाला टाळतोय आणि चॅम्पियनला लढायला भाग पाडणारा नियम नक्की कशासाठी आहे?

हे भांडण नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाचं सगळं आयुष्य याच प्रश्नांभोवती फिरलं होतं.

त्याचं नाव जॅक जॉन्सन.

३१ मार्च १८७८ ला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावात जॉन्सनचा जन्म झाला. आई-वडील दोघंही आधी गुलाम होते. गुलामगिरी संपल्यावर वडील शाळेत साफसफाईचं काम करायचे. पोरानं चार-पाच वर्षं शाळा केली आणि मग गोदीवर हमालीला लागला.

त्या काळात गोऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी एक प्रकार चालायचा. पाच-सहा काळी पोरं एकदम रिंगमध्ये सोडायची आणि शेवटी जो उभा राहील त्याच्याकडे चिल्लर फेकायची. जॉन्सनची सुरुवात तिथूनच झाली.

१९०१ मध्ये जो चॉयन्स्की नावाच्या मुरलेल्या बॉक्सरनं त्याला तिसऱ्या राऊंडमध्ये झोपवलं. टेक्सासमध्ये पैसे लावून बॉक्सिंग करणं गुन्हा होता, त्यामुळे दोघांनाही पोलिसांनी उचललं. पण तुरुंगात भलतंच झालं. चॉयन्स्कीनं या पोराला तिथंच सरावाला घेतलं आणि ठोसा मारण्याइतकंच ठोसा चुकवणं का महत्त्वाचं आहे ते शिकवलं. पुढं जॉन्सनची ओळखच ती झाली. त्याला मारणं सोडाच, स्पर्श करणंही अवघड व्हायचं.

१९०३ मध्ये तो कृष्णवर्णीयांचा हेवीवेट चॅम्पियन झाला. हो, तेव्हा तसा वेगळाच किताब होता, कारण खऱ्या किताबाचं दार बंद होतं.

नंबर एक असूनही फाईट मिळेना

तेव्हाचा जगज्जेता होता जिम जेफ्रीज. काळ्या बॉक्सरविरुद्ध किताब पणाला लावायचा नाही, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. आज असं कोणी केलं तर किताब काढून घेतला जातो. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना आपापली क्रमवारी लावतात आणि ठराविक काळात पहिल्या क्रमांकाच्या दावेदाराशी लढणं चॅम्पियनला बंधनकारक असतं. यालाच मँडेटरी डिफेन्स म्हणतात. पण १९०३ मध्ये यातली एकही संघटना नव्हती. किताब ही चॅम्पियनची खासगी मालमत्ता असल्यासारखी होती. कोणाशी लढायचं, कधी लढायचं, किती पैशात लढायचं, सगळं तोच ठरवायचा.

१९०५ मध्ये जेफ्रीज एकही फाईट न हरता निवृत्त झाला. किताब फिरत फिरत कॅनडाच्या टॉमी बर्न्सकडे आला. बर्न्सची उंची जेमतेम पाच फूट सात इंच, पण गडी हिशोबाला पक्का. काळ्या माणसाशी लढायला त्यानं सरळ नकार दिला नाही. त्यानं भाव सांगितला, ३० हजार डॉलर. एवढे पैसे कोणी देणार नाही आणि आपल्याला लढावं लागणार नाही, असा एकूण कारभार होता.

जॉन्सननं मात्र त्याचा पिच्छा सोडला नाही. बर्न्स इंग्लंडला गेला की हा इंग्लंडला, बर्न्स ऑस्ट्रेलियाला गेला की हा ऑस्ट्रेलियाला.

शेवटी ह्यू मॅकिंटॉश नावाचा ऑस्ट्रेलियन प्रमोटर ३० हजार द्यायला तयार झाला. जॉन्सनच्या वाट्याला आले ५ हजार. म्हणजे एकूण रकमेचा सातवा हिस्सा. भरीस भर म्हणजे रेफ्री म्हणून स्वतः प्रमोटरच उभा राहणार होता.

जॉन्सननं सही केली. पाच हजारात त्याला पैसा कमवायचा नव्हता, त्याला किताब पाहिजे होता. एकदा किताब हातात आला की पुढच्या वेळी भाव आपण सांगायचा, हे गणित त्याला पक्कं माहीत होतं.

२६ डिसेंबर १९०८, सिडनी. साधारण वीस हजार लोकांसमोर जॉन्सननं बर्न्सला अक्षरशः खेळवलं. तो मारत होता, हसत होता, बर्न्सशी बोलतही होता. चौदाव्या राऊंडमध्ये पोलिसांनीच फाईट थांबवली आणि कॅमेरेही बंद करायला लावले. गोरा चॅम्पियन खाली पडताना पडद्यावर दिसायला नको होता.

मग भाव बदलला

जॉन्सन चॅम्पियन झाला आणि गोऱ्या अमेरिकेचं डोकं फिरलं. लेखक जॅक लंडननं वर्तमानपत्रातून जेफ्रीजला परत बोलावलं. जेफ्रीज तेव्हा कॅलिफोर्नियात शेती करत होता आणि त्याचं वजन १३० किलोच्या पुढं गेलं होतं.

जेफ्रीज तयार झाला. मग या फाईटचं आयोजन कोण करणार यासाठी प्रमोटरांकडून चक्क बोली मागवल्या गेल्या. आजही दोन्ही बाजूंचं जमलं नाही की संघटना अशीच बोली लावतात. त्याला पर्स बिड म्हणतात. जो प्रमोटर जास्त रक्कम भरेल त्याला फाईट मिळते आणि ती रक्कम ठरलेल्या टक्केवारीनं वाटली जाते.

१९०९ च्या डिसेंबरमध्ये बोली उघडल्या. टेक्स रिकार्डनं बाजी मारली. त्याचा आकडा होता १ लाख १ हजार डॉलर. शिवाय सहीचे म्हणून दोघांना प्रत्येकी १० हजार, आणि फाईटच्या चित्रपटाच्या हक्कांतला वाटा वेगळा. म्हणजे आज पे पर व्ह्यूच्या पैशावरून जी ओढाताण चालते, ती तेव्हा सिनेमाच्या रिळांवरून चालायची.

वाटणी आधी ७५-२५ ठरली होती, ती पुढं ६०-४० झाली. जिंकणाऱ्याला ६०, हरणाऱ्याला ४०. यात चॅम्पियन कोण आणि चॅलेंजर कोण, गोरा कोण आणि काळा कोण, याला जागाच नव्हती. दीड वर्षापूर्वी सातव्या हिश्श्यावर सही करणारा माणूस आता बरोबरीच्या अटींवर बसला होता.

फाईट आधी सॅन फ्रान्सिस्कोत होणार होती. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं ऐनवेळी मोडता घातला. रिकार्डनं सगळा बाडबिस्तरा उचलून नेवाडा राज्यातल्या रिनो गावात हलवला.

४ जुलै १९१० ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फाईट झाली. पंचेचाळीस राऊंड ठरले होते, पंधराच पुरले. आयुष्यात कधीही खाली न पडलेला जेफ्रीज त्या दिवशी पडला आणि त्याच्याच माणसांनी फाईट थांबवली. जॉन्सनला ६० हजार ६०० डॉलर मिळाले, जेफ्रीजला ४० हजार ४००.

त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली पेटल्या. विजय साजरा करणाऱ्या काळ्या लोकांवर हल्ले झाले, किमान वीसएक माणसं मेली. फाईटच्या चित्रपटावर ठिकठिकाणी बंदी आली आणि १९१२ मध्ये अमेरिकन संसदेनं बॉक्सिंगचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच मनाई करणारा कायदा केला. जॉन्सनच्या कमाईच्या सगळ्यात मोठ्या स्रोतावर हा घाव होता.

पण मग जॉन्सननं काय केलं?

इथं गोष्ट सरळ राहत नाही. ज्या दारावर जॉन्सननं वर्षानुवर्षं धडका मारल्या, तेच दार आत गेल्यावर त्यानं लावून घेतलं.

सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे हे तिघं तेव्हाचे सगळ्यात तगडे दावेदार होते आणि तिघंही कृष्णवर्णीय होते. किताब मिळण्याआधी जॉन्सन तिघांशीही लढला होता. किताब मिळाल्यावर एकाशीही नाही. कारण सरळ होतं. दोन काळ्या बॉक्सरांच्या फाईटला गोरं गिऱ्हाईक पैसे देणार नाही, आणि हरलो तर किताबही जाणार. १९१३ मध्ये पॅरिसमध्ये तो एका कृष्णवर्णीय बॉक्सरशी लढला, पण तो होता बॅटलिंग जिम जॉन्सन, या तिघांच्या तोडीचा नव्हेच. ती फाईटही बरोबरीत सुटली.

लँगफर्डला किताबाची फाईट आयुष्यात कधीच मिळाली नाही. १९४४ मध्ये एका पत्रकाराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सापडला, तेव्हा तो आंधळा आणि कंगाल झाला होता.

जॉन्सनचीही उतरण तोवर सुरू झाली होती. रिंगमध्ये हरवता येईना म्हणून त्याला कोर्टात गाठलं गेलं. त्यानं गोऱ्या बायकांशी लग्नं केली, हे लोकांच्या डोळ्यांत सलत होतंच. स्त्रियांची अनैतिक कामासाठी वाहतूक रोखणारा मॅन कायदा त्याच्यावर लावला गेला. १९१३ मध्ये फक्त गोऱ्या लोकांच्या ज्युरीनं त्याला दोषी ठरवलं. शिक्षा झाली एक वर्ष आणि एक दिवस.

जॉन्सन कॅनडामार्गे युरोपला पळाला. तिथं महायुद्ध सुरू झालं आणि कमाई आटली. ५ एप्रिल १९१५ ला क्युबातल्या हवानामध्ये, रणरणत्या उन्हात, जेस विलार्डनं सव्विसाव्या राऊंडमध्ये त्याला नॉकआऊट केलं. आपण मुद्दाम हरलो असं जॉन्सन नंतर सांगत राहिला, पण सव्वीस राऊंड लढून कोण मुद्दाम हरतं, हा प्रश्न उरतोच.

१९२० मध्ये तो अमेरिकेत परतला, शरण गेला आणि शिक्षा भोगून आला. १९२२ मध्ये त्यानं एका पान्याचं पेटंटही मिळवलं. पण किताबाची फाईट त्याला पुन्हा कधीच मिळाली नाही.

त्याच्यानंतर दार आणखी घट्ट बंद झालं. हॅरी विल्सनं जॅक डेम्प्सीला वर्षानुवर्षं आव्हान दिलं, करारावर सह्यासुद्धा झाल्या, पण फाईट झाली नाही. पुढच्या कृष्णवर्णीय बॉक्सरला किताबाची संधी मिळाली थेट १९३७ मध्ये. तो होता जो लुई. त्यासाठी चॅम्पियन जिम ब्रॅडॉकनं अट घातली होती की लुईच्या प्रमोटरच्या नफ्यातले १० टक्के पुढची दहा वर्षं आपल्याला मिळावेत. म्हणजे दार उघडलं, पण टोल भरूनच.

१० जून १९४६ ला नॉर्थ कॅरोलिनात मोटार अपघातात जॉन्सनचा मृत्यू झाला. वय होतं ६८. वाटेत एका खानावळीत त्याला रंगामुळे नीट वागणूक मिळाली नाही आणि तो संतापून भरधाव निघाला, असं सांगितलं जातं. २०१८ मध्ये, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली.

आज मँडेटरी डिफेन्सच्या नियमावर चाहते वैतागतात. कुठल्यातरी अनोळखी दावेदारामुळं मोठी फाईट लांबते, संघटना आपली फी कापून घेतात, हे सगळं खरं आहे. पण हा नियम नसताना काय होत होतं, हे बघायचं असेल तर जॉन्सनच्या आयुष्यात दोन्ही बाजू दिसतात. नियम नव्हता म्हणून त्याला पाच हजारात लढावं लागलं. आणि नियम नव्हता म्हणूनच सॅम लँगफर्डला पाच हजारातही लढता आलं नाही.