श्रोत्याच्या हाती बटण देणारे लाझार्सफेल्ड

पॉल लाझार्सफेल्ड (१९०१-१९७६) व्हिएन्नाचे, गणितातले डॉक्टरेट. १९३१-३२ मध्ये ऑस्ट्रियन रेडिओसाठी त्यांनी लाखावर श्रोत्यांच्या आवडीनिवडींचा हिशेब मांडला.

त्याच सुमारास मारिएन्थाल गावची कापडगिरणी बंद पडलेली. तिथं त्यांच्या टीमनं घरोघरी विचारपूस केलीच, शिवाय वाचनालयाची रजिस्टरंही चाळली. वर्गणी माफ, लोक रिकामे, तरी पुस्तकं कमी जात होती! नुसतं विचारून हे कळलं नसतं.

१९३३ ला ते फेलोशिपवर अमेरिकेला गेले. पुढल्याच वर्षी ऑस्ट्रियात समाजवादी पक्षावर बंदी आली. ज्यू, त्यात समाजवादी. परत कुठं जाणार?

१९३७ पासून ते रेडिओ संशोधनाचे प्रमुख. फ्रँक स्टँटनसोबत यंत्र बनवलं: कार्यक्रम आवडला तर हिरवं बटण, नाही तर लाल. का दाबलं, हे मात्र नंतर श्रोत्यालाच विचारायचे.