घोड्यांकडून पळायला शिकला, पोटासाठी घोड्यांशीच रेस लावली : जेसी ओवेन्सची गोष्ट

३ ऑगस्ट १९३६. बर्लिनचं ऑलिम्पिक स्टेडियम. १०० मीटरची फायनल सुरू होणार होती आणि सहा धावपटू खुरपी घेऊन ट्रॅकमध्ये खड्डे खणत होते. त्याच खड्ड्यांत पाय रोवून त्यांना सुटायचं होतं. तेव्हा ट्रॅक राखेचा असायचा आणि ऑलिम्पिकमध्ये स्टार्टिंग ब्लॉक आले ते थेट १९४८ ला.

१०.३ सेकंदांत निकाल लागला. पहिला आला अमेरिकेचा जेसी ओवेन्स. ९ ऑगस्टपर्यंत त्याने लांब उडी, २०० मीटर आणि ४ बाय १०० रिलेचं गोल्डही जिंकलं. हिटलरच्या डोळ्यांसमोर एका कृष्णवर्णीय खेळाडूने चार गोल्ड मारले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण तो एवढ्या वेगाने पळायला शिकला कुठे?

जे. सी. चा जेसी झाला

१२ सप्टेंबर १९१३ ला अलाबामातल्या ओकविल गावात त्याचा जन्म झाला. नाव जेम्स क्लीव्हलँड, घरात हाक मारायचे जे. सी. बाप दुसऱ्याच्या शेतात राबणारा, दहा भावंडांत हा सगळ्यात धाकटा. तो नऊ वर्षांचा असताना कुटुंब क्लीव्हलँड शहरात आलं. नव्या शाळेतल्या शिक्षिकेला जे. सी. ऐवजी जेसी ऐकू आलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

तापलेल्या जमिनीवरून पळायचं

शाळेत त्याला चार्ल्स रायली नावाचे कोच भेटले. शाळा सुटल्यावर जेसी चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. मग रायलींनी त्याच्यासाठी शाळा भरायच्या आधी प्रॅक्टिस ठेवली.

त्यांची शिकवण साधी होती. पायाखाली आग आहे असं समजून पळायचं, पाय टेकला की लगेच उचलायचा. यामागे लॉजिक आहे. पाय शरीराच्या फार पुढे पडला तर तो ब्रेकसारखं काम करतो. जमिनीवर रेंगाळला तर पुढचं पाऊल उशिरा पडतं.

दुसरा धडा द्यायला रायली त्याला रेसकोर्सवर घेऊन गेले. घोडे जीव तोडून पळतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर ताण दिसत नाही. माणूस मात्र जोर लावला की दात आवळतो. मग मान आखडते, खांदे वर चढतात आणि हात मोकळे हलत नाहीत. जेसीचे जुने फुटेज बघा, वरचं शरीर एकदम रिलॅक्स दिसतं.

सुरुवात कच्ची होती

१९३३ मध्ये शाळकरी जेसीने १०० यार्ड ९.४ सेकंदांत पळून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. पुढे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत त्याला ना स्कॉलरशिप मिळाली, ना कॅम्पसवरच्या होस्टेलमध्ये जागा. लिफ्ट चालवण्यासारखी कामं करून त्याने शिक्षण केलं.

तिथले कोच लॅरी स्नायडर यांनी त्याच्या स्टार्टवर काम केलं. त्याची वाकून बसण्याची पोझिशन आणखी आटोपशीर केली, हातांची हालचाल सुधारली. सुटताना शरीर पुढे झुकलेलं असेल तर पायाचा जोर मागे जातो आणि शरीर पुढे फेकलं जातं. लगेच ताठ उभं राहिलात तर तोच जोर वर जाऊन वाया जातो. म्हणून हळूहळू सरळ व्हायचं. टॉपचे धावपटूसुद्धा साधारण ५० ते ७० मीटरच्या दरम्यान सर्वाधिक वेग गाठतात. त्यानंतर खेळ असतो तो वेग टिकवण्याचा, आणि तिथे रायलींचा दुसरा धडा कामाला येतो.

२५ मे १९३५ ला अॅन आर्बरमध्ये, पाठ दुखत असताना, जेसीने सुमारे ४५ मिनिटांत तीन जागतिक विक्रम मोडले आणि एकाशी बरोबरी केली. त्यातली ८.१३ मीटरची लांब उडी २५ वर्षं कुणाला मोडता आली नाही.

आणि मग घोडे आले

बर्लिनहून परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये जंगी मिरवणूक निघाली. पण त्याच्याच सत्काराच्या हॉटेलात त्याला सामानाच्या लिफ्टने वर जावं लागलं. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी अभिनंदनाची तारही पाठवली नाही. ऑलिम्पिकनंतरचा दौरा अर्धवट सोडल्यामुळे अॅथलेटिक्स संघटनेने त्याला बाहेर काढलं. करिअर २३ व्या वर्षी संपलं.

डिसेंबर १९३६ मध्ये तो हवानात पैशांसाठी घोड्याविरुद्ध पळाला. ४० यार्डांची आघाडी घेऊन जिंकलाही. अशा रेस त्याने पुढेही लावल्या. युक्ती स्टार्टचीच होती. बुजरा घोडा निवडायचा, पिस्तूल त्याच्या कानाजवळ उडवायचं आणि तो सावरेपर्यंत पुढे निघून जायचं. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाला हे करावं लागलं, कारण चार गोल्डवर घर चालत नव्हतं.

पुढे १९५५ मध्ये अमेरिकन सरकारचा सदिच्छा दूत म्हणून तो भारतातही येऊन गेला. १९७६ मध्ये त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. ३१ मार्च १९८० ला फुप्फुसाच्या कॅन्सरने त्याचं निधन झालं.

१९८४ मध्ये बर्लिनने स्टेडियमजवळच्या एका रस्त्याला त्याचं नाव दिलं. आज तुम्ही तिथे गेलात तर पाटीवर जेसी हेच नाव दिसेल, शिक्षिकेने चुकून ऐकलेलं.